मॅटप्लॉटलिब: अकरा आकृत्या, प्रत्येकीत अक्षरं आणि रेषा वेगळ्या. एकसारख्या कशा करायच्या?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझं काम धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर आहे. पहिला पेपर लिहून झालाय. जर्नलची मांडणी दोन स्तंभांची, एका स्तंभाची रुंदी ८.६ सेंटिमीटर, आणि मजकूर लेटेकमध्ये (शोधनिबंधाची पानं मांडायचा प्रोग्राम). आकृत्या एकूण अकरा. चार तापमानाबरोबर बदलणाऱ्या रोधकतेच्या (१० ते ३०० केल्विन, उभा अक्ष लॉग), पाच पारगमनाच्या स्पेक्ट्रमच्या, एक एक्स-रे विवर्तनाची, आणि एक थराच्या पृष्ठभागावर जागोजागी मोजलेल्या रोधाचा रंगीत नकाशा. सगळ्या मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधली ग्राफ काढायची लायब्ररी) काढल्यात, पण दीड वर्षात जशा जमल्या तशा. ज्युपिटरच्या प्रत्येक नोटबुकमध्ये (कोडच्या फाईलमध्ये) फिगसाइझ, म्हणजे आकृतीचा आकार, वेगळा आहे: कुठे १० बाय ६, कुठे १२ बाय ८, काही ठिकाणी दिलेलाच नाही. नकाशाची स्क्रिप्ट एका सीनियरकडून मिळाली होती, ती तशीच वापरली.

परवा गाईड सरांनी छापील मसुदा वाचला. तीन आकृत्यांभोवती पेनाने गोल करून लिहिलं, 'अक्षावरचे आकडे वाचता येत नाहीत.' दोन आकृत्यांत अक्षरं इतकी मोठी आहेत की खालच्या मजकुरापेक्षा तीच आधी दिसतात. मी दोन दिवस फॉन्ट कमीजास्त करत बसले. एकीत १४ ठेवला, दुसरीत १८. स्क्रीनवर दोन्ही सारख्या वाटल्या, पानावर आल्या की पुन्हा वेगळ्या. डीपीआय (दर इंचामागे पिक्सेल) ६०० केला. अक्षरं धारदार झाली, पण बारीकच राहिली.

आणखी दोन अडचणी. स्पेक्ट्रमच्या ग्राफमध्ये नऊ रेषा आहेत (२०० ते ६०० अंश सेल्सिअस, दर ५० अंशांवर तापवलेले नमुने) आणि लेजंडने (कोणती रेषा कशाची ते सांगणाऱ्या यादीने) निम्मी चौकट खाल्लीय. दुसरी म्हणजे, एक पीडीएफ सबमिशनच्या वेळी 'टाइप ३ फॉन्ट चालणार नाही' असं सांगून परत आली. त्याचा अर्थच मला कळला नाही.

हे सगळं एका जागेवरून ठरवता येतं का? की प्रत्येक आकृती डोळ्याने बघत बघत जुळवायची?


नुसताडेटा

आकृती साठवताना (सेव्हफिग) डीपीआय ६०० आणि फॉन्ट सरसकट २० ठेवा. मी तसंच करतो, आजवर कोणी तक्रार केलेली नाही. रंगांसाठी सीबॉर्न या लायब्ररीची थीम लावा, आपोआप चांगलं दिसतं.


रेघोटी

प्रयोगवही, डोळ्याने जुळवायची गरज नाही. आमच्या गटातल्या मुलांच्या आकृत्या गेली बरीच वर्षं माझ्या हाताखालून जातात आणि दहातल्या आठ वेळा दुखणं हेच असतं. त्यामुळे मीही सविस्तर लिहिते.

मूळ गोष्ट अशी की तुम्ही फॉन्ट ठरवताय, पण कागद ठरवत नाही आहात. फॉन्टचा आकार पॉइंटमध्ये असतो आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ते खऱ्या कागदावरचं माप आहे. फिगसाइझ इंचात असतो, तेही खऱ्या कागदाचंच माप. १० बाय ६ लिहिलंत की मॅटप्लॉटलिब दहा इंच रुंद कागद घेतं आणि त्यावर १० पॉइंटची अक्षरं काढतं. तिथपर्यंत सगळं बरोबर आहे. पुढे लेटेकला तुम्ही सांगता, ही आकृती स्तंभाच्या रुंदीत बसव. ते दहा इंचांचे ३.३९ इंच करतं, आणि त्याबरोबर अक्षरं, रेषा, ठिपके सगळंच त्या प्रमाणात आकसतं.

तुमच्याच आकड्यांवर करून बघा. १० इंचाची आकृती ३.३९ इंचात आली म्हणजे ०.३४ पट झाली, आणि १० पॉइंटचं अक्षर ३.४ पॉइंटचं. १२ इंचाच्या आकृतीत तेच २.८ पॉइंटवर येतं. जिथे फिगसाइझ दिलेलाच नाही तिथे डीफॉल्ट ६.४ बाय ४.८ इंच असतो, म्हणजे ०.५३ पट, अक्षर ५.३ पॉइंट. सरांनी गोल केलेल्या तीन आकृत्या बहुधा १० आणि १२ इंचवाल्या असतील. ज्यांत अक्षरं अंगावर येतात, त्यांत ६.४ इंचाच्या चौकटीत १८ चा फॉन्ट असणार, म्हणजे छापील साडेनऊ पॉइंट. तपासून सांगा.

नुसताडेटा, तुमच्या पद्धतीने काम निभतं ते तुमच्या सगळ्या आकृत्या एकाच फिगसाइझच्या असल्यामुळे. यांच्या तशा नाहीत. आणि डीपीआयचा अक्षराच्या मापाशी संबंध नाही. ६.४ बाय ४.८ इंच आकृती १०० डीपीआयला ६४० बाय ४८० पिक्सेलची होते, ६०० ला ३८४० बाय २८८० ची. अक्षर दोन्हीकडे त्याच ६.४ इंचांतलं १० पॉइंटचं, फक्त जास्त पिक्सेलनी काढलेलं. पीडीएफमध्ये तर रेषा आणि अक्षरं पिक्सेलमध्ये नसतातच, तिथे डीपीआय बदलून त्यांच्यात काहीच फरक पडत नाही.

म्हणून आधी कागद. फिगसाइझ ३.३९ बाय २.४ इंच ठेवा आणि लेटेकमध्ये आकृती घालताना रुंदी लिहूच नका. जशी आहे तशी येऊ द्या. स्क्रीनवर ती टीचभर दिसेल आणि काहीतरी चुकलंय असं वाटेल. वाटू द्या. पीडीएफ उघडून १०० टक्क्यांवर बघा किंवा सरळ छापा. फॉन्ट ८ म्हणजे मग पानावर खरोखर ८ असतो, मजकुराच्या अक्षराशेजारी बसणारा.

आता एक जागा. मॅटप्लॉटलिबला स्टाइलशीट देता येते. ती साधी मजकुराची फाईल असते, शेवटी 'एमपीएलस्टाइल' हे एक्स्टेन्शन. प्रत्येक ओळीत एका सेटिंगचं नाव, अपूर्णविराम (:), किंमत. नोटबुकच्या सुरुवातीला 'स्टाइल यूज' म्हणून तिचा पत्ता दिला की झालं. ८.६ सेंटिमीटरसाठी माझ्या फाईलमध्ये काय आहे ते सांगते (नावं इथे देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये अर्थातच ती रोमन लिपीत जातात). फॉन्ट साइझ ८. टिकच्या (अक्षावरच्या मापाच्या खुणांच्या) आकड्यांचा आणि लेजंडचा फॉन्ट ७. रेषेची जाडी १, डीफॉल्ट १.५ असते आणि एवढ्या लहान चौकटीत ती जाड वाटते. चौकटीच्या रेषेची जाडी ०.६, टिकची जाडीही तेवढीच, टिकची लांबी ३. मार्करचा आकार ३, कारण डीफॉल्ट ६ चे ठिपके एकमेकांवर चढतात. टिकची दिशा आत, वरच्या आणि उजव्या बाजूलाही टिक चालू. हे शेवटचं माझ्या आवडीचं आहे. छापील आलेखावरून पट्टी लावून आकडे वाचायची मला सवय आहे आणि चारही बाजूंना टिक असली की ते सोपं जातं. लेजंडची चौकट बंद.

स्टाइलशीट आकृती तयार व्हायच्या आधी लावा, आणि जुन्या कोडमध्ये जिथे जिथे 'फॉन्टसाइझ इतका' असं हाताने लिहिलंय ते सगळं शोधून काढून टाका. हाताने दिलेली किंमत स्टाइलशीटवर कायम कुरघोडी करते. दोन दिवस घालवूनही आकृत्या जुळल्या नाहीत, त्यातला अर्धा दोष या विखुरलेल्या १४ आणि १८ चा असेल. सीबॉर्नची थीम लावणारी ओळ असेल तर तीही काढा. ती ओळ बऱ्याच सेटिंगांवर आपल्या किंमती लिहिते, आणि तुमच्या स्टाइलनंतर आली तर तुमचं सगळं पुसून टाकते.

टाइप ३ ची गोष्ट सोपी आहे. मॅटप्लॉटलिबमधून पीडीएफमध्ये फॉन्ट दोन तऱ्हांनी घालता येतो. टाइप ३ मध्ये प्रत्येक अक्षर एका छोट्या चित्राच्या कृतीसारखं साठवतात आणि मॅटप्लॉटलिब डीफॉल्टने तेच करतं. बऱ्याच प्रकाशकांच्या यंत्रणा ते नाकारतात. 'पीडीएफ फॉन्टटाइप' या सेटिंगला ४२ द्या, म्हणजे ट्रूटाइप फॉन्ट आत जातो. तीही ओळ स्टाइलशीटमध्येच टाका. खात्री करायला 'पीडीएफफॉन्ट्स' ही कमांड आहे, फाईलमध्ये कोणता फॉन्ट कोणत्या प्रकारचा आहे ते ती ओळीने दाखवते.

नऊ रेषांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे प्रश्न फक्त दिसण्याचा नाही.

डीफॉल्ट रंगमालेत दहा रंग आहेत: निळा, नारिंगी, हिरवा, लाल आणि पुढचे. ते मुद्दाम एकमेकांपासून वेगळे निवडलेत, वेगवेगळ्या जातीच्या गोष्टींसाठी. तुमचे नऊ नमुने नऊ जातींचे नाहीत, ते एकाच तापमानाच्या पायऱ्या आहेत. ३५० नंतर ४०० येतं हे रंग बघूनच कळायला हवं. लाल आणि जांभळ्यात आधी कोण ते वाचणारा लेजंडमध्ये शोधत बसला तर त्याला रेषांचा सरकता कल दिसणारच नाही, आणि तुमच्या पेपरचा मुद्दा तोच असणार. म्हणून विरिडिससारख्या एका चढत्या रंगपट्टीतून नऊ रंग घ्या, ० पासून ०.९ पर्यंत समान अंतराने. १ पर्यंत जाऊ नका, टोकाचा पिवळा पांढऱ्या कागदावर फिका पडतो. नऊ ओळींचं लेजंड काढून शेजारी एक अरुंद रंगस्तंभ लावा, २०० ते ६०० असा. चौकट मोकळी होईल.

जिथे खरोखर वेगवेगळ्या जातीच्या दोनतीन गोष्टी आहेत, म्हणजे तापवलेला आणि न तापवलेला थर, तिथे मात्र वेगळे रंग हवेत. तिथे मी मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचवलेली आठ रंगांची माला वापरते. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही ती वेगळी ओळखू येते. आरजीबीमध्ये निळा ०, ११४, १७८, शेंदरी २१३, ९४, ०, आणि हिरवा ०, १५८, ११५. तीन गोष्टींना हे तीन पुरतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना असं रंगांधत्व असतं. तुमच्या तीन रिव्ह्यूअरांत एखादा निघणं अजिबात दूरचं नाही. शिवाय रंगाबरोबर रेषेचा प्रकार किंवा मार्करही बदला, म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रतीतही भागतं.

आता नकाशा. सीनियरची स्क्रिप्ट म्हणालात म्हणून विचारते, त्यात रंगपट्टी 'जेट' आहे का? निळा, आकाशी, पिवळा, लाल अशी? असली तर आज काढा. जेटमध्ये आकडा समान पावलांनी वाढतो, पण डोळ्याला दिसणारा उजेड तसा वाढत नाही. पिवळ्या आणि आकाशी पट्ट्यांशी तो एकदम उसळतो. तिथे डोळ्याला कडा दिसते, मोजमापात मात्र काहीच नसतं. हे मी सांगोवांगी सांगत नाहीये. मी स्वतः एका नमुन्याच्या नकाशात मधोमध एक कडं पाहिलं होतं. त्याचं कारण शोधायला तोच नमुना पुन्हा मोजला, नवा बनवून मोजला, तीन आठवडे गेले. मग कोणीतरी तोच डेटा करड्या रंगपट्टीने काढून छापला आणि कडं गायब झालं. ती नुसती जेटची पिवळी पट्टी होती. त्या दिवसापासून रंगपट्टी हा माझ्यासाठी सजावटीचा विषय राहिलेला नाही.

मॅटप्लॉटलिबने जानेवारी २०१७ च्या २.० आवृत्तीत जेट काढून विरिडिस डीफॉल्ट केलं. मॅटलॅबने त्याआधीच, २०१४ मध्ये, जेटच्या जागी परुला आणलं होतं. त्याच २.० आवृत्तीत फिगसाइझ ८ बाय ६ वरून ६.४ बाय ४.८ झाला, रेषेची जाडी १ ची १.५ झाली, फॉन्ट १२ चा १० झाला आणि टिक आतल्या बाहेर गेल्या. त्यामुळे जुन्या काळात लिहिलेली स्क्रिप्ट आजच्या आवृत्तीवर वेगळंच चित्र देते. पूर्वीची छापील आकृती हुबेहूब पुन्हा काढायची असेल तर 'क्लासिक' नावाची स्टाइल आहे. नव्या कामासाठी ती वापरू नका.


जुनी_पाटी

रेघोटी यांनी मुख्य ते सांगितलंच आहे. ज्यांच्याकडे पायथन नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

ओरिजिन या ग्राफच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच अडचण वेगळ्या वेषात येते. तिथे प्लॉट डीटेल्समध्ये लेयरच्या साइझच्या टॅबवर 'स्केल एलिमेंट्स' म्हणून पर्याय असतो. तो 'लेयर फ्रेम'वर असला की चौकट ओढून लहानमोठी केल्यावर अक्षरंही तिच्याबरोबर लहानमोठी होतात, आणि २२ लिहिलेला फॉन्ट २२ राहत नाही. 'फिक्स्ड फॅक्टर' निवडून १ द्या, मग पॉइंट म्हणजे पॉइंट. एक ग्राफ मनासारखा झाला की त्याचं स्वरूप थीम म्हणून साठवा. एफ७ दाबलं की थीम ऑर्गनायझर उघडतो, तिथून बाकीच्या ग्राफांना लावता येतं.

मी स्वतः नूप्लॉटवाला. ग्राफ काढायचा हा प्रोग्राम १९८६ पासूनचा आहे, आणि नावात 'नू' असलं तरी नू (जीएनयू) या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. त्यात 'सेट टर्मिनल पीडीएफकैरो'बरोबर साइझ थेट सेंटिमीटरमध्ये देता येतो, ८.६ आणि ६. इंचाचं गणित करावं लागत नाही. सगळ्या आकृत्यांची सेटिंगं मी एका फाईलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती 'लोड' करतो.

एक राहिलं. अक्षाच्या नावात राशीचं चिन्ह तिरपं आणि एकक सरळ लिहायचं असतं. रोधकतेचा 'ऱ्हो' तिरपा, पण ओहम सेंटिमीटर सरळ. मॅटप्लॉटलिबमध्ये डॉलर चिन्हांच्या आत सगळं कोंबलं तर एककाची अक्षरंही तिरपी होतात. एकक 'मॅथआरएम'मध्ये घाला किंवा डॉलरच्या बाहेर ठेवा. आणि केल्विनला अंशाचा गोल लावू नका. शोधनिबंध तपासताना हे दोन दोष मला सर्वांत जास्त दिसतात.


प्रयोगवही

चार दिवसांनी येतेय, मध्ये सगळ्या नोटबुक साफ करत होते. रेघोटीताई, तुमचं गणित अगदी बरोबर निघालं. गोल केलेल्या तीनपैकी दोन आकृत्या १२ इंचाच्या, एक १० ची. मोठ्या अक्षरांच्या दोन्ही डीफॉल्ट आकाराच्या, फॉन्ट १८. दीड वर्ष मी फिगसाइझ म्हणजे 'स्क्रीनवर किती मोठं दिसावं' असं समजत होते. इतक्या सरळ शब्दांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

नकाशात जेटच होतं. विरिडिस लावल्यावर उजव्या कोपऱ्यातला 'पट्टा' नाहीसा झाला. त्याबद्दल मी पेपरमध्ये एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता! तो काढलाय आणि सरांना दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत बसले होते.

आता उरलेल्या अडचणी. एक, फिगसाइझ ३.३९ देऊनही पीडीएफची रुंदी प्रत्येक आकृतीत वेगळी येतेय. एक ८.२ सेंटिमीटर, एक ८.५, एक चक्क ८.८. दोन, मार्करचा आकार स्टाइलमध्ये ३ केला तो रेषांवरच्या ठिपक्यांना लागला. एका ग्राफमध्ये मात्र मी ठिपक्यांसाठी स्कॅटर (नुसते ठिपके काढणारी कमांड) वापरलाय आणि तिथे 'एस' या आकाराच्या सेटिंगमध्ये ३ दिलं तर ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात. तीन, माझ्या लॅपटॉपवर एरियल दिसतो, लॅबच्या लिनक्स कॉम्प्युटरवर तीच नोटबुक चालवली की अक्षरं रुंद होतात आणि नावं चौकटीबाहेर जातात.


रेघोटी

परिच्छेद वेळेवर निघाला हे वाचून खरंच बरं वाटलं.

रुंदीचा दोष 'बीबॉक्स इंचेस टाइट'चा आहे. सेव्हफिगमध्ये ते दिलेलं असणार, नाहीतर स्टाइलमध्ये. टाइट म्हणजे काढलेल्या सगळ्या गोष्टींभोवती कागद कापायचा आणि वर ०.१ इंचाची किनार ठेवायची. अक्षाचे आकडे दोन अंकी की पाच अंकी यावर काप बदलतो, म्हणून प्रत्येक आकृतीची रुंदी वेगळी. आपण ज्या मापासाठी एवढा खटाटोप केला तेच ते मोडतं. काढून टाका. त्याऐवजी आकृती तयार करतानाच लेआउट 'कन्स्ट्रेन्ड' द्या. तो कागद तसाच ठेवतो आणि आतली चौकट आवळून अक्षांची नावं, रंगस्तंभ सगळं आत बसवतो. एक सावधगिरी: ज्युपिटरच्या नोटबुकमध्ये आकृती दाखवताना टाइट आपोआप लागतो. म्हणजे नोटबुकमध्ये दिसतं ते आणि साठवलेली फाईल यांत फरक असतो. माप घ्यायचं ते फाईलवर.

स्कॅटरचा एस हा क्षेत्रफळासारखा असतो, पॉइंटच्या वर्गात. रेषेवरच्या मार्करचा आकार ३ असेल तर स्कॅटरला ९ द्या. डीफॉल्ट ६ आणि ३६ अशी जोडी आहे, त्यावरून लक्षात राहतं. स्कॅटरमध्ये ठिपके काही हजारांच्या वर असतील तर पीडीएफ जड होते आणि उघडताना अडखळते. तेव्हा फक्त त्या ठिपक्यांना 'रास्टराइज्ड' चालू करा. ठिपके चित्र म्हणून जातात, अक्ष आणि अक्षरं रेषांचीच राहतात. डीपीआयला काम मिळतं ते इथे, त्या चित्राचा बारकावा त्यावरून ठरतो. ६०० ठेवा.

फॉन्टचं म्हणाल तर लिनक्सवर एरियल सहसा नसतो. मॅटप्लॉटलिब एक इशारा छापतं आणि मुकाट्याने डेजाव्हू सॅन्स घेतं, तो रुंद आहे. लिबरेशन सॅन्सची अक्षरं एरियलच्याच मापाची बनवलीत, तो दोन्हीकडे टाका आणि स्टाइलमध्ये त्याचंच नाव द्या. नवा फॉन्ट टाकूनही सापडला नाही तर मॅटप्लॉटलिबच्या कॅशेमधली फॉन्टची यादी पुसा, ती जुनीच वाचत बसते. गणिती चिन्हांचा फॉन्ट वेगळ्या सेटिंगने ठरतो, 'मॅथटेक्स्ट फॉन्टसेट'. तिथे 'स्टिक्ससॅन्स' ठेवलंत तर लिबरेशनशेजारी खटकत नाही.


प्रयोगवही

अकराच्या अकरा आकृत्या आता ८.६ वर आहेत, तीनदा मोजल्या. पीडीएफफॉन्ट्समध्ये टाइप ३ कुठेच नाही.

शेवटचा प्रश्न, मग थांबते. याच कामाचं एक मराठी पोस्टर करायचंय, शाळेच्या मुलांसाठी. पोस्टरसाठी वेगळी स्टाइलशीट केली, कागद १२ इंच, फॉन्ट २४. पण अक्षाला 'रोधकता' आणि 'किरणांची तरंगलांबी' अशी नावं दिली तर 'किरणांची'मधला ऱ्हस्व वेलांटीचा 'कि' फुटतो, वेलांटी 'क'च्या नंतर येते. जोडाक्षरंही सुटी पडतात. देवनागरी फॉन्ट टाकलेला आहे.


जुनी_पाटी

दोष फॉन्टचा नाही. तुमच्याकडचं मॅटप्लॉटलिब अक्षरं ज्या क्रमाने साठवलीत त्याच क्रमाने एकापुढे एक ठेवतंय. देवनागरीत वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दिसायला आधी हवी. हे मागेपुढे करणं आणि जोडाक्षर घडवणं म्हणजे शेपिंग, आणि तेच इथे होत नाहीये.

माझ्या माहितीतल्या तीन वाटा. पोस्टरचा ग्राफ नूप्लॉटमध्ये काढा, त्याचे कैरो टर्मिनल शेपिंग करणारी पँगो ही लायब्ररी वापरतात आणि मराठी नीट येतं. किंवा मॅटप्लॉटलिबमधून एसव्हीजी साठवा, 'एसव्हीजी फॉन्टटाइप' या सेटिंगला 'नन' देऊन. अक्षरं अक्षरंच राहतात, आकार होत नाहीत, आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये फाईल उघडली की तो ती बरोबर जुळवतो. तिथून पीडीएफ करा. किंवा पीजीएफ बॅकएंड आणि झीलेटेक, म्हणजे मजकूर लेटेककडूनच मांडून घ्यायचा, त्यात फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी आहे हे लिहायचं. ते विसरलं तर तिथेही वेलांटी फुटते.

तुमच्या नोटबुक तयार आहेतच, तेव्हा मी असतो तर एसव्हीजी घेतली असती. एकच लक्षात ठेवा: मॅटप्लॉटलिबला मराठी शब्दाची रुंदी चुकीची वाटते, म्हणून लेबल थोडं सरकलेलं येईल. इंकस्केपमध्ये हाताने मध्यावर आणून घ्या.


प्रयोगवही

एसव्हीजीने झालं. 'किरणांची तरंगलांबी' पहिल्यांदा नीट दिसली. लेबल डावीकडे सरकलं होतं, ओढून मध्यावर आणलं. दोन्ही स्टाइलशीट लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्यात, आणि सीनियरच्या त्या नकाशाच्या स्क्रिप्टमध्येही रंगपट्टी बदललीय.